रापलेल्या कातडीच्या नोंदी : शहादा, मे ते डिसेंबर

मिरचीच्या प्लॉटची घरात एक वही आहे. खतं, फवारण्या, मजुरी, ठिबक किती तास चाललं, सगळं तिच्यात. त्याच वहीच्या मागच्या पानांपासून या नोंदी सुरू झाल्या, त्यामुळे यांची भाषाही थोडी शेतकी आहे. साल २०२४. उद्दिष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय : रंग एकसारखा करणे. गोरा करणे नव्हे. मी मुळात सावळी आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकाच तोंडावर तीन रंग झालेत, त्याची आहे.

२६ मे

मिरचीचे बेड तयार, ठिबकच्या लॅटरल (नळ्या) पसरलेल्या. मल्चिंग पेपरचे, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकचे, रोल सकाळी सहाला यायचे होते, गाडी आली दहाला. मजूर बसून होते, रोज तर द्यायचाच, म्हणून आबा म्हणाले, "चला, ओढून घेऊ." तीनपर्यंत पेपर अंथरला. डोक्यावर टोपी, अंगात अर्ध्या बाह्यांचा कुर्ता, गळा उघडा.

पेपर चंदेरी-काळा, चंदेरी बाजू वर. ती बाजू वर ठेवतात ती दिसायला छान म्हणून नाही. खालून परत फेकलेला उजेड आणि त्यातली अतिनील किरणं यांनी मावा आणि फुलकिडे बिचकतात, रोपावर बसत नाहीत, पुढे पानं आकसणारा चुरडा-मुरडा रोग कमी येतो. किडीला जे सोसत नाही ते वाकून माती लावणाऱ्या माणसाच्या तोंडावरही येणारच. शिवाय मे अखेरीला सूर्य आपल्या भागात बरोबर माथ्यावरून जातो. साडेबाराच्या सुमाराला रोवलेल्या काठीची सावली तिच्या बुडातच जिरते. म्हणजे वरून पूर्ण, खालून परत.

संध्याकाळी तोंड ओढल्यासारखं वाटतंय. गार पाण्यानं बरं वाटतं, पण टिकत नाही.

२७ मे

रात्री उशीला गाल टेकवता आला नाही. उन्हानं भाजल्याची लाली लगेच दिसत नाही. काही तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त चढते. सावळ्या कातडीवर ती लाल दिसतही नाही, तांब्यासारखी काळपट दिसते. म्हणूनच घरच्यांना आधी काही वाटलंच नाही. आजीनं मात्र ओसरीतूनच ओळखलं : "काय व्हयनं वं माय तुना तोंडले?"

भाजलंय कुठे ते आरशात नीट पाहिलं. कपाळ जवळपास शाबूत, टोपीनं वाचवलं. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेला, नाकपुड्यांच्या बुडाशी, भुवयांच्या खाली सगळ्यात जास्त. या जागा एरवी सावलीत असतात. नाकाच्या दांडीवर आणि गळ्याच्या त्रिकोणात बारीक पाण्याचे फोड. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची पांढरी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना चूल पेटलेली.

पेपर ओढायला चार बायका होत्या. एकीलाही काही नाही. साडीवर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, बटणं गळ्यापर्यंत, डोक्यावरून हनुवटीखालून फिरवून घट्ट बांधलेला रुमाल, उघडे फक्त डोळे. त्यातल्या मावशी आज सकाळी माझं तोंड बघून म्हणाल्या, "ताई, पेपरवरचं काम म्हंजे आरशावरचं काम. खालून बांधा लागतं." मी कृषीचा डिप्लोमा केलाय. हे त्यात नव्हतं.

आज काय केलं : गार पाण्याच्या पट्ट्या, ताक-पाणी भरपूर, घरची कोरफड (पिवळा चीक धुऊन टाकून मगच), साधं व्हॅसलीन. बर्फ लावला नाही, भाजलेल्या कातडीला तो दुसरी जखम करतो. फोड फोडायचे नाहीत. फोडाची साल हेच त्याचं फुकटातलं बँडेज.

३१ मे

सालपटं निघायला लागली. ओढायचा मोह जबरदस्त होतो. ओढली नाहीत. म्हणजे गालावरची नाही, कानामागची ओढली.

४ जून

घरात सगळे लोकसभेच्या निकालाच्या टीव्हीपुढे, मी आरशापुढे. साल गेली आणि खालून नकाशा निघाला. गाल व जबडा काळपट तपकिरी. नाकाची दांडी आणि गळ्यावर जिथे फोड होते तिथे गुलाबीसर पांढरे ठिपके. कपाळ जुनंच. टोपीची कड जिथे होती तिथे सरळ रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी.

आईला पांढऱ्या ठिपक्यांची धास्ती. तिनं शब्द उच्चारला नाही, पण तिच्या मनात कोड आहे हे कळलं. आजीच्या मते शिबं. नानांच्या मते उष्णता, सब्जा प्यावा.

९ जून

आज उपायांचा पाऊस. खरा पाऊस अजून यायचाय.

आजीनं वाटीत लिंबू, हळद, बेसन कालवलं. लिंबाला मी सरळ नाही म्हटलं, कारण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याच घरी काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. चुलतभावानं सरबतासाठी अंगणात बसून टोपलीभर कागदी लिंबं पिळली आणि तसाच उन्हात मांडवाच्या कामाला गेला. दोन दिवसांनी हातावर फोड, मग बोटांच्या फटींतून मनगटाकडे ओघळ गेले होते अगदी त्याच आकाराचे काळे पट्टे. ओघळ कसा वाहिला ते अजून त्याच्या हातावर वाचता येतं. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरानोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की रासायनिक भाजणं होतं. बावचीतही त्याच जातीचं द्रव्य असतं, म्हणून तिचं तेल वैद्याला विचारल्याशिवाय लावायचं नसतं. डाग घालवायला लिंबू लावून शेतात जाणं म्हणजे डाग पेरणंच.

आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग दही लाव." दही चालेल. डाग जाणार नाही, पण गार वाटेल आणि आजीचं मन राहील. बेसन घासायला नको, मुलतानी माती नको. कातडी आधीच कोरडी पडलीय. घासलं की पुन्हा दाह, दाह झाला की पुन्हा डाग. या सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे.

१४ जून

वहिनींनी त्यांची ट्यूब आणून दिली. "ताई, पंधरा दिवसांत फरक पडतो, मी वर्षभर लावतेय." त्यांचा चेहरा खरंच उजळ दिसतो. पण उजेडात जवळून पाहिलं तर गालावर लाल बारीक शिरांचं जाळं आणि हनुवटीवर लव वाढलेली.

खोका वाचला. अक्षरं मुंगीएवढी, मोबाईलनं मोठी करून वाचली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. डावीकडे लाल उभी रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध. शेवटचं नाव स्टिरॉइडचं. ही ट्यूब वाईट आहे असं नाही. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ती ठरावीक आठवडे, रोज रात्री मटारच्या दाण्याएवढी देतात आणि बंद करवतात. वर्षभर क्रीमसारखी फासली की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव येते, पुटकुळ्या येतात, आणि बंद केली की तोंड पेटतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं बऱ्याच स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये आणलं, चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. वहिनींना ती आमच्या बाजारातल्या एका मेडिकलवर नुसतं "गोरं होण्याची द्या" म्हटल्यावर मिळते.

ट्यूब परत दिली. वहिनींना वाईट वाटलं. त्यांच्याशी पुन्हा बोलायचं आहे.

१९ जून

धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे. सारंगखेड्याचा पूल, दोंडाईचा, मग धुळे. एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि मी मूर्खासारखी खूश झाले. अतिनील किरणांचे दोन प्रकार : काचेतून भाजणारी यूव्हीबी जवळपास येत नाही, पण डाग गडद करणारी यूव्हीए बरीच येते. चेहऱ्याला रुमाल बांधला तर शेजारच्या काकांनी विचारलं, कुठे लपूनछपून चाललीस का.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो ऊन किती लागलं हा नव्हता. "कुठल्या गोळ्या चालू होत्या?" मार्चपासून पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू होती, दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली. ही गोळी घेत असताना कातडी उन्हाला हळवी होते, एरवी जेवढ्यानं रापलं असतं तेवढ्यात भाजतं. गोळी देताना हे सांगायला हवं होतं. शेतात काम करणाऱ्या बाईला तर नक्की. रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइडही असंच वागतं. आबांची पट्टी घरी गेल्यावर बघायची.

मग अंधार करून निळसर-जांभळा दिवा, वुड्स लॅम्प. कोड असतं तर ठिपका त्या उजेडात खडूसारखा लख्ख पांढरा उठतो. माझे उठले नाहीत, नुसते फिकट राहिले. म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशी शाबूत आहेत, दाहामुळे काम थांबवून बसल्यात. आईला तिथूनच फोन केला.

त्याच दिव्यात काळ्या डागांचीही परीक्षा होते. जो रंग वरच्या थरात आहे तो अजून गडद दिसतो. जो खाली उतरलाय तो दिव्यात वेगळा उठत नाही. गालाचा डाग गडद दिसला, चांगली बातमी. गळ्याचा त्रिकोण दिसला नाही. तिथे डोळ्यांनाही रंग तपकिरी नाही, राखाडी दिसतो. दाहानं तळाचा थर फाटला की रंगाचे कण खालच्या थरात गळतात, तिथल्या पेशी ते गिळून बसतात आणि लवकर सोडत नाहीत. वरचा डाग महिन्यांत जातो, खालचा वर्षावर रेंगाळू शकतो.

चिठ्ठी : डॉक्सिसायक्लिन बंद. रात्री अॅझेलाइक अॅसिड १० टक्के, सोसलं तर २०. दिवसा रंगीत सनस्क्रीन, एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ५०, त्यात आयर्न ऑक्साइड असलेलं. केमिकल पील, लेसर काही नाही. "तुमच्या रंगाच्या कातडीला घाई केली की ती अजून काळी पडून सूड घेते," असं त्या म्हणाल्या. वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं.

२३ जून

मोजमापाची सोय केली. आरशावर विश्वास नाही, आरसा मूडप्रमाणे बोलतो.

फोटो ओसरीच्या उत्तरेच्या बाजूला, सकाळी आठला, तिथे थेट ऊन येत नाही. भिंतीला टेकून, शेजारी कोरा पांढरा कागद धरून, म्हणजे उजेड बदलला तर कागदावरून कळेल. फोनचा ब्यूटी मोड बंद. तो आपोआप चालू असतो. पहिल्या फोटोत माझे सगळे डाग गायब होते आणि क्षणभर वाटलं प्रकल्प संपला.

दुसरं माप रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड. भिंतीच्या रंगाचं, फुकट मिळालं. त्यातल्या तपकिरी पट्टीला मी १ ते ७ आकडे दिले, १ सर्वात फिकट. दंडाची आतली बाजू, जिथे ऊन कधीच लागत नाही, ती ३ : हा माझा मूळ रंग. कपाळ ४. गाल ५. जबड्याखाली ६. गळा ६, पण करडा झाक मारणारा, कार्डावर तसा रंगच नाही. नाकावरचे ठिपके २. लक्ष्य : सगळं ३-४ च्या आसपास. १ आणि २ वर कोणी जायचं नाही.

घड्याळही मिळालं, डाव्या तर्जनीवरचं. १३ मेला मतदान केलं त्याची शाई. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हैसूरला बनते. कातडीवरची शाई केव्हाच गेली, कारण वरची कातडी झडत राहते. नखावरची पुढे सरकतेय, नखाच्या बुडाशी आता स्वच्छ पट्टी आहे. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. कातडीच्या वरच्या थराची एक फेरी चार ते सहा आठवड्यांची. डाग एका फेरीत जात नाही, कारण चिडलेल्या रंगपेशी प्रत्येक नव्या फेरीतही जादा रंग भरत राहतात. एक रंगपेशी आजूबाजूच्या छत्तीसेक पेशींना रंग पुरवते, त्यामुळे थोड्या चिडल्या तरी पुरतं.

आबांची गोळी पाहिली. तिच्यात ते द्रव्य नाही.

७ जुलै

रोपं लावून झाली. ढग आहेत, ऊन दिसत नाही, म्हणून दोन दिवस तोंड बांधलं नाही. आज गाल गडद वाटतात. कार्ड : गाल ५ आणि ६ च्या मध्ये. पातळ ढगातून बहुतेक अतिनील खाली येतंच. तापमान उतरलं म्हणजे किरणं उतरली असं नाही. आपण खान्देशी लोक ऊन झळांनी मोजतो, झळ नाही तर ऊन नाही. कातडीचं गणित वेगळं आहे.

सनस्क्रीनचा हिशेब. डब्यावरचा एसपीएफ चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजलेला असतो. तोंड आणि गळ्याला दोन बोटांच्या लांबीच्या दोन रेघा, म्हणजे ग्रॅमभर. दिवसातून दोनदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी लावायचं असतं. लोक निम्मं-पाव लावतात आणि क्रीम फसवं आहे म्हणतात. एसपीएफ ३० यूव्हीबीतलं ९७ टक्के अडवतो, ५० अडवतो ९८. मोठ्या आकड्याला जास्त पैसे देण्यापेक्षा जाड लावणं परवडतं. यूव्हीएसाठी डब्यावरच्या 'पीए' या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं बघायची, ती जपानी पद्धत.

रंगीत का, हे मला उशिरा समजलं. सावळ्या कातडीत नुसता दिसणारा उजेड, त्यातला निळा भाग, हाही डाग गडद करतो. साधं सनस्क्रीन त्याला अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं, म्हणजे गेरूचाच भाऊबंद. आणखी फायदा हा की पांढरं सनस्क्रीन माझ्या तोंडावर राख फासल्यासारखं दिसायचं, हे दिसत नाही.

तरी क्रीमवर महिन्याला एवढा खर्च करायला मी काही सिनेमात नाही. मुख्य भिस्त कापडावर.

१५ जुलै

कापडांची परीक्षा. घरातले रुमाल, ओढण्या, शर्ट एकेक करून बल्बपुढे धरले. विणीतून उजेडाचे टिपके दिसले की बाद. माझी आवडती पांढरी मलमलची ओढणी पहिल्या फटक्यात बाद. तिच्यातून बल्बची तारही दिसत होती. पातळ पांढरं सुती कापड तसंही थोडंच अडवतं, घामानं ओलं झालं की आणखी कमी. आबांचा जुना गडद निळा जाड शर्ट पास. मावशींच्या घरधन्याचा शर्ट कुठल्याही परीक्षेशिवाय पास होता.

टोपीला चारी बाजूंनी हातभर नाही, पण चार बोटं कड हवी. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. पेपरवर काम असेल तर टोपी निम्मंच काम करते, खालून रुमाल पाहिजे.

रुमाल घट्ट बांधला तर जबड्यावर घासतो. तिथे घाम साचून पुरळ आलं, आणि पुरळ गेल्यावर तिथे नवा छोटा डाग. म्हणजे कापड मऊ पाहिजे, दाट पाहिजे आणि रोज धुतलेलं पाहिजे. गाठ हनुवटीवर नाही, मानेमागे.

२८ जुलै

अॅझेलाइक चुणचुणतं. लावल्यावर पंधरा मिनिटं मुंग्या चावल्यासारखं होतं. आधी साधं मॉइश्चरायझर, मग हे, असं उलटं केल्यावर सुसह्य झालं. एक दिवसाआड लावतेय.

एक गंमत वाचली. हे आम्ल गहू-जवातही असतं आणि शिबं ज्या बुरशीमुळे येतात तीही ते तयार करते. शिब्यांची कातडी फिकट का होते हे शोधताना संशोधक या आम्लापर्यंत पोचले. ते रंग बनवण्यातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, आणि जास्त काम करणाऱ्या पेशींवरच त्याचा जोर चालतो, म्हणून नेहमीची कातडी भुरी पडत नाही. आजीला सांगितलं, तू शिबं म्हणालीस ते अगदीच चूक नव्हतं. ती म्हणाली, मी कधी चूक सांगत नाही.

११ ऑगस्ट

कानबाई, आमचा खान्देशी श्रावणातला सण. नैवेद्याच्या रोटांसाठी चुलीपुढे बराच वेळ बसावं लागलं. उष्णतेनंही डाग चिडतात म्हणून मी भाजायचं सोडून लाटायला बसले. काकू म्हणाल्या, "चूल टाळायला बरं कारण शोधलं हो." कारण खरं आहे, पण शोधल्याचा आनंदही खरा आहे.

कार्ड : गाल ५ वर परत. जबडा ५-६. नाकावरचे ठिपके ३ कडे, कडेनं रंग भरत आत येतोय. पांढरं काळ्याच्या आधी सुधारतंय, हे मला अपेक्षित नव्हतं. नखावरची शाई निम्म्याच्या पुढे गेली.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, माझ्या गालाला सनस्क्रीन. गाल ४-५. उजव्यापेक्षा डावा गाल मागे आहे. फोटो मांडून पाहिले तर जूनपासूनच तसा. कारण सापडलं : सकाळी प्लॉटवर जाताना स्कूटीवर ऊन डावीकडून येतं आणि हेल्मेटची काच मी वर ठेवते.

वहिनींनी ट्यूब स्वतःहून एकदम बंद केली आणि त्यांचं तोंड लाल, आग, पुटकुळ्या. घाबरून पुन्हा लावायला निघाल्या होत्या. त्यांना घेऊन धुळ्याला गेले. डॉक्टरबाईंनी स्टिरॉइड हळूहळू उतरवायची पद्धत लिहून दिली. काही महिने लागतील म्हणाल्या. परतताना वहिनी एसटीत फार बोलल्या नाहीत. सारंगखेड्याच्या पुलावर म्हणाल्या, "तुमच्या दादांनीच आणून दिली होती पहिली ट्यूब." मी काय बोलणार.

२४ सप्टेंबर

पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात मुलगी पाहायला कोणी येत नाही, एवढी सवड. नाहीतर मावशीआजीचा फोन ठरलेलाच, "डाग गेले का, स्थळ आलंय."

अॅझेलाइकच्या २० टक्क्यांवर गेले. सोसतंय.

१३ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. ऊन तिरकं झालं आहे, मेएवढं भाजत नाही, पण रापवतं. हिरव्या मिरचीचे तोडे चालू आहेत. तिखट हातानं तोंडाला हात लागला तर दाह आणि मग डाग, म्हणून खिशात वेगळा रुमाल. हा रुमाल मिरचीचा नाही हे लक्षात ठेवण्यासाठी त्याला गाठ मारलीय.

कामाची वेळ बदलली. तोडा सहाला सुरू, साडेदहाला बंद, पुन्हा चारनंतर. मजूर बायकांना आधी हे पटेना, घरची कामं मोडतात. मग त्यांनीच ठरवलं, संध्याकाळच्या खेपेला ज्यांना जमेल त्यांनी यायचं. मिरचीही दुपारी तोडली तर लवकर सुकते, व्यापारी भाव पाडतो. कातडीसाठी वेळ बदलली असं आबांना सांगितलं असतं तर हसले असते. भावासाठी म्हटल्यावर लगेच हो.

कार्ड : गाल ४. कपाळ ४. टोपीची रेघ आता मलाच शोधावी लागते.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. उटणं अंगाला, तोंडाला नाही. आई पुटपुटली, पण लावलं नाही.

८ डिसेंबर

आज धुळ्याला दाखवून आले. गाल आणि जबडा बरोबरीला आले, ३-४. नाकावर ठिपके होते हे सांगावं लागतं. गळ्याचा त्रिकोण ५, अजून करडा. दिव्यात पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, हा खालचा आहे, वर्ष-दीड वर्ष द्या, त्याच्यासाठी जास्त जहाल काही मागू नका. अॅझेलाइक आठवड्यातून काही दिवसांवर आणलं. सनस्क्रीन आणि कापड तसंच.

कुठल्या गोष्टीनं किती काम केलं हे वेगळं काढता येत नाही, सगळं एकत्र चाललं होतं. पण वही चाळताना एक दिसतं : जुलैतले ते उघड्या तोंडाचे दोन दिवस सोडले तर आकडा कधी मागे गेला नाही, आणि तेव्हा सनस्क्रीन रोज चालू होतं. माझा कौल कापडाला.

फेब्रुवारीत टरबुजाला पेपर अंथरायचा आहे. रोल आदल्या संध्याकाळी शेतात येऊन पडले पाहिजेत, दुकानदाराला तसं सांगून ठेवलंय, पैसे निम्मे आगाऊ. सूर्य वर यायच्या आत काम उरकलं तर पेपरही बरा बसतो. दुपारी तो तापून पसरतो, ताणून बसवला तर रात्री आकसून फाटतो. मावशींना मापाचे शर्ट शिवून देऊ का विचारलं. म्हणाल्या, शर्ट आहेत, रुमाल द्या, मोठे, काळपट, चांगले दाट.

शहाद्याच्या बाजारातून कापड आणलं. बल्बपुढे धरून घेतलं. दुकानदार बघत राहिला.